मोकळी केलेली वेळ

वैजूताईला खुर्चीत नीट बसलेलं मी क्वचितच पाहिलं. ऑफिसात तिची खुर्ची होती, चांगली चाकांची, पाठ टेकायची सोय असलेली. पण तिच्यावर बहुतेक वेळ तिची पर्स बसलेली असायची. ती स्वतः टेबलाच्या कडेला अर्धवट टेकून, एक पाय हलवत, स्क्रीनकडे तिरकं बघत उभी. वाचता वाचता मध्येच चालायला लागायची. पॅन्ट्रीपर्यंत जायची, चहा घ्यायचं विसरून परत यायची, एक शब्द खोडून दुसरा टाकायची आणि तो वाचून तोंड वाकडं करून पुन्हा निघायची. नवीन माणसाला वाटायचं, बाईंच्या घरी काहीतरी बिनसलंय. घरी सगळं ठीक होतं. एखादं वाक्य बिनसलेलं असायचं.

वैजयंती म्हात्रे तिचं पूर्ण नाव. ऐरोलीच्या आमच्या आयटी पार्कच्या मागे, खाडीच्या अंगाला जी जुनी गावं आहेत, त्यातल्या एका गावात तिचं माहेर. आजोबा मासेमारी करायचे, भाऊ नोकऱ्यांना लागले. ऑफिसात ती आमच्यासारखंच अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलायची. आईचा फोन आला की मात्र तिचा आवाज आणि भाषा एकदम बदलायची. “आये, पानी भरून ठेव, मी हाय ना, येतंय.” फोन ठेवला की पुन्हा मीटिंगमधली म्हात्रे मॅडम. आमच्याकडे येण्याआधी ती मिक्सर, गिझर, वॉटर फिल्टर यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी कोणी उघडत नाही, ती लिहायची. “कोणी वाचत नाही असं लिहायची सवय होती मला,” ती म्हणायची. “इथे आले, तर वाचणारा असा मिळाला की अक्षर न् अक्षर वाचतो आणि लगेच तसं करून मोकळा होतो. तेव्हापासून चैन नाही.”

हा वाचणारा म्हणजे आमचा एजंट. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी फोनवर बोलणारा कॉम्प्युटर-सहायक बनवायची. रुग्णानं फोन केला की तो मराठीत, हिंदीत उत्तर द्यायचा, आणि नुसता बोलायचा नाही, कामंही करायचा. अपॉइंटमेंट शोधणं, देणं, बदलणं, मेसेज पाठवणं. अशा प्रत्येक कामासाठी आम्ही प्रोग्रामर त्याला एकेक टूल बनवून द्यायचो. पण टूलच्या आत काय आहे हे एजंटला दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव आणि खाली लिहिलेल्या चार ओळींचं डिस्क्रिप्शन. तेवढ्यावरून त्यानं ठरवायचं, आत्ता कुठलं टूल उचलायचं. त्या चार ओळी लिहिणं, हे वैजूताईचं काम.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका टूलखाली मी लिहिलं होतं, रुग्णाची माहिती आणतो. लिहायचो आम्ही इंग्रजीतच, पण ती प्रत्येकाला आधी मराठीत सांगायला लावायची. मराठीत बोलून सांगता येत नसेल तर तुलाच कळलेलं नाही, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं. तिनं विचारलं, “कुठल्या रुग्णाची?”

“ज्याची मागितली त्याची.”

“फोनवरच्या बाईनं नुसतं सुनंदा पाटील सांगितलं, आणि नुसत्या ऐरोलीत ढीगभर सुनंदा पाटील निघाल्या, तर? पहिली दिसेल तिची आणायची?”

मी म्हटलं, ताई, एजंट हुशार आहे, तो विचारून घेईल. तिचा हलणारा पाय थांबला.

“हुशार आहे म्हणून तर भीती. बावळट असता तर अडला असता. हुशार माणूस अंदाज बांधतो आणि पुढे जातो.”

मग तिनं मला खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि हातात टूलांच्या चिठ्ठ्या दिल्या. म्हणाली, आता तू एजंट. तुला हॉस्पिटल माहीत नाही, मी माहीत नाही, काल काय झालं ते माहीत नाही. या चिठ्ठ्या सोडून तुला जगात काही नाही. आणि माझ्या पाठीमागे उभी राहून, थरथरत्या म्हाताऱ्या आवाजात, “बाळा, माझं ते गुरुवारचं जरा बघ ना,” असं म्हणाली. ते बघणं म्हणजे शोधणं, की बदलणं, की रद्द करणं, हे मला काही केल्या ठरवता येईना. मी एक चिठ्ठी उचलली. ती चुकीची होती. वैजूताई हसली नाही. चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, टेबलाशी उभ्या उभ्या तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि चालायला लागली. आमच्या टीममध्ये जो येईल त्याला या भिंतीकडे तोंड करून बसावं लागायचं. एकदा मॅनेजर देसाई सरांनाही बसवलं होतं.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. कधी वापरायचं ते सगळेच लिहितात. कधी वापरायचं नाही, ते कोण लिहिणार? हे ती इतक्या वेळा म्हणायची, की ती लांबून येताना दिसली तरी आम्ही मनात म्हणून घ्यायचो.

घरीही ती अशीच. ऐरोलीतल्या तिच्या सोसायटीत जिन्याजवळ एक फळा होता. त्यावर कोणीतरी ‘उद्या पाणी येणार नाही’ असं लिहिलं आणि ते पुसायचं राहिलं. लोकांनी पहिल्या दिवशी पाणी भरून ठेवलं आणि नंतर फळ्याकडे बघणं सोडून दिलं. हिला सोडता येईना. तिनं सेक्रेटरींना फोन केला, की उद्या म्हणजे कधीचा उद्या? ते म्हणाले, मॅडम, सगळ्यांना कळतं. ती म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, रोज संध्याकाळी बादल्या भरतायत. शेवटी तिनं स्वतः खडू घेऊन तो फळा पुसला. दुसऱ्या आठवड्यात कमिटीनं फळ्याला काचेचं दार आणि कुलूप बसवलं. हे सगळं तिच्या नवऱ्यानं, सुधीररावांनी, आम्ही घरी जेवायला गेलो असताना सांगितलं. शांत माणूस, बँकेत होते. त्यांना खूप हसू येत होतं. वैजूताई भाजी वाढता वाढता म्हणाली, “कुलूप लावू देत. आता तारीख टाकतात ना?”

ती सगळ्यांना आवडायची असं नाही. ‘लवकर करतो’ म्हटलं की लवकर म्हणजे कधी. ‘बघतो’ म्हटलं की करतोस की नाही करत. काही जण तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरायचं टाळायचे. देसाई सर माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्यामागे कस्टमरचा तगादा असायचा. ताई, शिप करायचंय, कस्टमरला द्यायचंय, एवढंच ते म्हणायचे, कधी रागानं, कधी हात जोडून.

एका हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागाचं काम आमच्याकडे आलं, तेव्हाही घाई होतीच. तिथे खुर्च्या कमी आणि रुग्ण जास्त. एखादा येणार नसेल तर त्याची वेळ ताबडतोब दुसऱ्याला मिळावी, म्हणून एक टूल हवं होतं. त्याचं डिस्क्रिप्शन वैजूताईनं लिहिलं. रुग्ण येणार नसेल तर त्याची वेळ मोकळी करा, म्हणजे ती दुसऱ्याला देता येईल. लहान, स्वच्छ वाक्य. देसाई सर म्हणाले, बघा, असं लिहायचं. आम्हीही वाखाणलं. तीही खूष होती. त्या दिवशी तिनं चक्क बसून सगळा डबा खाल्ला.

नंतर ती चार दिवस गावी गेली. चुलत बहिणीचं लग्न होतं, आणि त्यांच्याकडे हळद म्हणजे अख्खं गाव जागं. परत आली ती हातावर मेंदी घेऊन, आवाज बसलेला. आल्या आल्या, नेहमीप्रमाणे, मागच्या दिवसांतली एजंटची संभाषणं वाचायला लागली. ते काम तिला कोणी दिलेलं नव्हतं. मी शेजारच्या टेबलावर होतो. काहीतरी वेगळं वाटलं म्हणून मान वर केली. ती हलत नव्हती. पाय नाही, हात नाही.

शेलार नावाच्या एका रुग्णानं फोन केला होता. आज मला न्यायला कोणी नाही, आज जमायचं नाही, एवढंच तो म्हणाला होता. एजंटनं अगदी अदबीनं बरं म्हटलं आणि त्याची वेळ मोकळी केली. पण आमच्या सिस्टिममध्ये डायलिसिसचं वेळापत्रक एकेका दिवसाचं नव्हतं. एक दिवसाआड येणाऱ्या रुग्णाचं महिनोन् महिन्यांचं सगळं मिळून एकच बुकिंग होतं. ‘त्याची वेळ’ म्हणजे त्या दिवसाची की सगळीच, हे वाक्यात नव्हतं. एजंटनं सगळी मोकळी केली. यादीतल्या पुढच्या रुग्णाला ती खुर्ची मिळाली, आणि शेलारांना आपोआप मेसेज गेला, की तुमची वेळ मोकळी करण्यात आली आहे. त्यानंतर ते आलेच नव्हते.

तिनं हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, आम्हाला वाटलं दुसरीकडे गेले असतील, फोन बंद येतोय. देसाई सर म्हणाले की सिस्टिममध्ये तक्रारीचं तिकीट टाकू या, हॉस्पिटल बघेल. तिनं खुर्चीवरची पर्स उचलली आणि मला विचारलं, “महेश, गाडी आणलीयेस ना?”

पत्ता होता, गणपती मंदिराच्या मागे, दिघा. दिघ्यात गणपतीची देवळं काय कमी आहेत? पहिल्या देवळामागे शेलार कोणाला माहीत नव्हते, दुसऱ्या ठिकाणी भलतेच शेलार निघाले. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून आम्ही चालत होतो. ती पुढे, जवळजवळ पळत, मेंदीच्या हातानं घाम पुसत. नाव विचारणं तिनं लवकरच सोडून दिलं. एका दिवसाआड रिक्षानं हॉस्पिटलला जाणारे काका कुठे राहतात, असं विचारायला लागली. नळावर हंडा लावून बसलेली एक बाई म्हणाली, ते होय, पण ते आता नाही जात. आणि एका जिन्याकडे बोट केलं.

वर एकच खोली होती. शेलारकाका भिंतीला पाठ लावून बसले होते, कारण आडवं झालं की श्वास लागत होता. पाय इतके सुजलेले, की घोटे दिसत नव्हते. रबाळ्याच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. मुलगा कामाला पुण्याला. काकू आमच्याच सातारा भागातल्या, पाटणकडच्या. बोलण्यावरून मला लगेच कळलं. हॉस्पिटलच्या कामासाठी आलोय म्हटल्यावर त्यांनी आम्हाला पाणी दिलं. वैजूताईनं विचारलं, काका डायलिसिसला का येत नाहीत?

“त्यास्नी मोकळं केलं न्हवं डाक्टरांनी,” काकू म्हणाल्या. “मोबाईलवर आलं व्हतं. खालच्या पोरीनं वाचून दावलं.”

आणि त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तुमची वेळ मोकळी करण्यात आली आहे. शाळेतल्या मुलीसारखं, शब्द न चुकवता.

मी वैजूताईकडे बघायचं टाळलं. काका धापा टाकत थोडं हसले. एवढं सोपं सुटत न्हाई ह्ये, हे मला बी कळत व्हतं, असं म्हणाले. मग जरा थांबून, श्वास घेऊन म्हणाले, “इचारलं असतं तर न्हाई म्हनले असते. म्हनून इचारलंच न्हाई.”

वैजूताई त्यांच्यासमोर फरशीवर बसली, मांडी घालून. कॉम्प्युटर, एजंट, सिस्टिम, यातलं एक अक्षर तिनं काढलं नाही.

“काका, तुम्हाला मोकळं केलेलं नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. त्या मेसेजमागचं वाक्य माझं आहे. मी नीट लिहिलं नाही. आपल्याला आत्ता जायला लागेल.”

“म्हंजी परत सुरू?” काकूंनी विचारलं.

“हो. ते थांबलेलंच नाही.”

काकू उठून पिशवीत टॉवेल भरायला लागल्या. आम्ही दोघांनी काकांना धरून जिना उतरवला, रिक्षात घातलं. वैजूताई त्यांच्याबरोबर बसली, मी मागून गाडीवर. हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. काका वाचले. काही दिवस तिथेच ठेवून घेतलं, मग पुन्हा एक दिवसाआड सुरू झालं. त्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काकू आणि वैजूताई शेजारी शेजारी बसल्या होत्या. काकू नंतर म्हणाल्या, गेले दोन-तीन दिवस सूज हाय, दम हाय, तरीबी माणूस लई आनंदात व्हता. परत येताना गाडीवर वैजूताई मागून मला म्हणाली, त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

नंतरच्या मीटिंगमध्ये देसाई सरांनी कस्टमरला पाठवायचा रिपोर्ट वाचून दाखवला. मॉडेलची, म्हणजे एजंटमागच्या एआयची चूक, असं त्यात होतं. तसंच लिहिण्याची पद्धत होती आणि कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. वैजूताई म्हणाली की मॉडेलनं काहीच चुकवलेलं नाही, त्यानं वाक्यात लिहिलं होतं तेच केलं. बुकिंग साठवायची पद्धत आमच्या सगळ्यांच्या आधीची, मेसेज दुसऱ्याच खात्यानं लिहिलेला, हे खरं. पण रिपोर्टची पहिली ओळ ‘डिस्क्रिप्शन अपुरं होतं’ अशी पाहिजे. बरंच ताणलं गेलं. शेवटी पहिली ओळ तशी गेली. त्या वर्षी तिचं प्रमोशन व्हायचं होतं, ते झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि देसाई सरही तिच्या नजरेला नजर द्यायला काही दिवस कचरत होते.

पण खरं त्रासदायक पुढे झालं. ती सगळी डिस्क्रिप्शनं पुन्हा लिहायला बसली, म्हणजे उभी राहिली. चार ओळींच्या जागी अर्धं पान. हे असेल तर असं, तसं नसेल तर तसं, अमुक कधीही करू नये, तमुक केल्यास आधी तीनदा खात्री करावी. घरी जेवताना उठून फोनवर लिहून ठेवते, असं सुधीरराव म्हणाले. बारीक झाली. आणि एजंट बिघडला. साधी दातांची अपॉइंटमेंट मागणाऱ्या आजीला तो एकामागून एक प्रश्न विचारायचा, इतके की आजी फोन ठेवून द्यायच्या. इतक्या सूचनांमध्ये कुठली महत्त्वाची, हेच त्याला उमगेना. तक्रारी यायला लागल्या. आम्ही तिला सांगायला घाबरत होतो.

तिचं तिलाच दिसलं. एका दुपारी तिनं एक अख्खं डिस्क्रिप्शन मोठ्यानं वाचायला घेतलं, मराठीत, नेहमीसारखं, आणि अर्ध्यावर थांबली.

“हे समजावून सांगायला लिहिलेलं नाहीये रे,” ती म्हणाली. “हे माझ्यावर परत येऊ नये म्हणून लिहिलंय. भीती लिहिलीये मी इथे.”

आणि खोडायला लागली. तो आठवडा मला अजून आठवतो. प्रत्येक वाक्यासाठी ती स्वतःला एकच विचारायची, की हे काढलं तर कोणाचं नुकसान होईल? कोणाचंच नाही, तर काढ. उरलं ते थोडं होतं आणि नेमकं होतं. वेळ मोकळी करणारं टूल आता फक्त एका दिवसाचं राहिलं. पुढच्या सगळ्या वेळापत्रकाला त्याला हात लावता येणार नाही, हे डिस्क्रिप्शनमध्ये होतंच, आणि तिनं हट्टानं ते आमच्याकडून टूलच्या आतही करून घेतलं. अख्खा उपचार बंद करायचं काम तिनं एजंटकडून काढूनच घेतलं. देसाई सर म्हणाले, कस्टमरला मध्ये माणूस नको आहे. तेव्हा ती सरळ वॉर्डात जाऊन त्या सिस्टरना भेटली. सिस्टर म्हणाल्या, ते मीच करीन, रुग्णाच्या तोंडाकडे बघून करीन. विषय मिटला. मेसेजही बदलला. तुमचे आजचे डायलिसिस होणार नाही. उपचार चालू आहेत. पुढचे बुधवारी सकाळी.

त्यानंतर तिनं केलेलं काम आमच्यातलं सगळ्यात चांगलं होतं, हे आता सगळेच मान्य करतात. पण दिवस भराभर बदलत होते. टूलांची डिस्क्रिप्शनंही एआयनंच लिहावीत असं वरून ठरलं. वैजूताईनं फक्त ती वाचून ओके करायची. काही महिने तिनं केलं. मी विचारलं, कसं लिहितो तो? वाईट नाही लिहीत, म्हणाली, माझ्यापेक्षा शुद्ध लिहितो. जरा वेळानं म्हणाली, पण लिहिताना तो उठून चालत नाही. हे ती चिडून म्हणाली नव्हती, तिला खरंच त्याची काळजी वाटत असावी. थोड्या दिवसांनी तिनं राजीनामा दिला. महापेला एका संस्थेत नव्या मुलांना शिकवते, असं कळलं. त्यांनाही भिंतीकडे तोंड करून बसवत असणार.

मागच्याच महिन्यात ती मला दिसली. मी बसनं जुईनगरला घरी चाललो होतो, दुपारची वेळ, ठाणे-बेलापूर रोडला घणसोलीच्या आसपास सिग्नलला बस थांबली होती. ती पलीकडच्या फुटपाथवर होती, हातात भाजीची पिशवी. सामानाची बॅग ओढत आलेल्या एका वयस्कर गृहस्थाला ती रस्ता सांगत होती. हात उजवीकडे, मग वर, मग डावीकडे. गृहस्थांनी मान हलवली, पुन्हा मान हलवली, आभार मानल्यासारखं केलं आणि निघाले. ती तिथेच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. केस बरेच पांढरे झाले होते. एक पाय हलत होता.

मी खिडकीतून हाक मारणार होतो. तेवढ्यात पुढे, जिथे रस्ता फुटतो, तिथे ते गृहस्थ थबकले, क्षणभरच, आणि एका बाजूला वळले. वैजूताईनं पिशवी फुटपाथवर ठेवली आणि धावत सुटली. साडीचा पदर एका हातात, दुसरा हात वर. गर्दीतून वाट काढत तिनं त्यांना गाठलं, दंडाला धरून थांबवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

सिग्नल सुटला. बस निघाली तसा मी मागे वळून बघत राहिलो. फुटपाथवर भाजीची पिशवी एकटीच होती, मेथीची जुडी बाहेर आलेली, आणि लांब ती दोघं. ती अजून सांगतच होती.